‘यांना सांगू नका, पण…’

नमस्कार ताई,

मखमलाबादहून आलेलं तुमचं चार पानी पत्र वाचलं. त्यात ‘यांना सांगू नका’ हे वाक्य तीनदा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: ताईंच्या घरची द्राक्षबाग आहे. त्यांच्या लेकीला बारावीनंतर नीटमध्ये मार्क कमी पडले. आता ती घरी राहून पुन्हा तयारी करतेय. मध्येच तिनं एका दूरच्या बेटाची गोष्ट वाचली. समुद्र चढत चाललाय, माणसं निघून गेलीत आणि एकच कुटुंब मागं राहून बियाण्यांची कोठी राखतंय. तेव्हापासून ‘मला असलंच काम करायचंय’ हे एकच टुमणं. आजीकडचं वालाचं नि डांगराचं बी तिनं हॉर्लिक्सच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलंय, त्यामुळे कोथिंबिरीला जागा उरलेली नाही. ‘हे खूळ डोक्यातून कसं काढू?’ असं ताई विचारतात.

काढू नका, एवढं आधी सांगतो.

असं दूरचं बेट खरोखर आहे. मॅक्वारी त्याचं नाव. टास्मानियापासून साधारण दीड हजार किलोमीटर आग्नेयेला, ३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम ५ किलोमीटर रुंद. बिऱ्हाड थाटून तिथे कोणी राहत नाही. १९४८ पासून ऑस्ट्रेलियाचं संशोधन केंद्र आहे, ठरावीक मुदतीसाठी माणसं जातात नि परत येतात. पूर्वी जहाजांबरोबर आलेले ससे, उंदीर, मांजरं तिथे माजली होती. २००० पर्यंत मांजरं संपवली, तर पुढं ससे इतके वाढले की डोंगरउतार बोडके झाले. मग हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, शिकवलेली कुत्री घेऊन माणसं उरलेले ससे हुडकत फिरली. २०१४ मध्ये बेट या प्राण्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे बेट वाचवायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागले तसे पायलट लागले, कुत्री सांभाळणारेही लागले. लेकीला हे मुद्दाम सांगा.

आणि पुढचं यजमानांना वाचून दाखवा. त्या बेटावर अझोरेला नावाची, गादीसारखी जमिनीलगत पसरणारी वनस्पती आहे. २००८ च्या अखेरीस ती ठिकठिकाणी वाळून मरताना दिसली. पाऊस काही कमी नव्हता. पण वारा आणि ऊन वाढल्यानं ऐन वाढीच्या दिवसांत ओल पुरेना, आणि अशक्त झालेल्या झाडात रोग शिरला. ज्याच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) फुलोऱ्यात पाऊस झाला आणि आठवड्यात डावणी रोगानं घड गेले, त्याला हे समजवायला प्राध्यापक लागत नाही. वर्षाला किती मिलिमीटर पडला याला कोण विचारतंय? कधी पडला ते बोला.

बियाण्यांची जगातली मोठी कोठी आहे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ पासून, उणे १८ अंशांवर. सीरियातल्या युद्धामुळे २०१५ मध्ये तिथून पहिल्यांदा बी परत काढावं लागलं. पुढच्याच वर्षी ऊब आणि पावसानं कोठीच्या बोगद्यात पाणी शिरलं, बियाण्यापर्यंत मात्र पोचलं नाही. थोडक्यात, अवकाळी तिथेही आहे.

पण त्यासाठी नॉर्वे गाठायची गरज नाही. आपली राष्ट्रीय जनुक बँक, म्हणजे पिकांच्या वाणांचं बी जपणारी कोठी, दिल्लीत पुसा परिसरात आहे, एनबीपीजीआर या सरकारी संस्थेत. तिचं एक केंद्र अकोल्यात आहे. द्राक्षाचं तर बी ठेवून भागतच नाही, बियांपासून आईसारखा वेल येत नाही. म्हणून द्राक्षाचे वाण जिवंत वेलींच्या रूपात जपावे लागतात, आणि पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात ते तसेच जपलेत. डॉक्टरच व्हायचं ठरलं तरी बेटाची वाट बंद होत नाही बरं का. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री आणि भारती केंद्रांवर शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, मेकॅनिक, आचारीही जातात, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत.

वाट अशी: एमएचटी-सीईटी देऊन बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. मग एमएस्सी, वनस्पती प्रजनन, बीजशास्त्र किंवा वनस्पती जनुकसंपदा यांपैकी कशातही. पुढं पीएचडी आणि कृषी शास्त्रज्ञांची स्पर्धा परीक्षा. लांबची वाट आहे, पंचविशीत पगार सुरू होईल या भरवशावर राहू नका.

त्याआधी एक परीक्षा घरीच घ्या, फी नाही. वालाचे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे. रोज फडकं ओलं करायचं, किती मोड आले ते तारखेसह वहीत लिहायचं. दहा दिवस. जनुक बँकेतलं बरंचसं काम हेच असतं: मोजा, लिहा, चिठ्ठी लावा, पुन्हा मोजा. सहाव्या दिवशी वही कोरी दिसली तर बेटाची ओढ गोष्टीपुरती होती असं समजा. दहाही दिवस भरले तर पुन्हा पत्र लिहा.

आता ते तीनदाचं वाक्य. लेक चार महिने नीटचं पुस्तक उघडत नाही, हे यजमानांना माहीत नाही. सोसायटीचं कर्ज थकलंय आणि अर्धा एकर विकलाय, हे लेकीला माहीत नाही. आणि लेकीनं आजीकडून फॉर्मसाठी पैसे घेतलेत, हे तुम्हाला माहीत असल्याचं दोघांनाही माहीत नाही. ताई, एवढी गुपितं एका स्वयंपाकघरात मावतात तरी कशी? तुम्ही प्रेमापोटी झाकता हे कळतं. पण मेडिकलच्या डोनेशनच्या जागेला ‘बघू’ म्हणायचं की नाही, हे ती खोट्या हिशोबावर कसं ठरवणार? शिवाय कृषी प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर गुणांचा फायदा मिळत आलाय. उतारा कोणाच्या नावावर उरलाय ते आजच बघा, आणि यंदाच्या माहितीपत्रकातला नियम लेकीलाच वाचायला सांगा. त्या निमित्तानं उतारा तिच्या हातात पडेल. सुरुवात तिथून करा, यजमान घरी असताना.

आणि ती बरणी फ्रिजमधून काढाल तेव्हा लगेच उघडू नका. गार बियांवर बाहेरच्या हवेतला दमटपणा बसतो आणि बी खराब होतं. रात्रभर ओट्यावर तशीच राहू द्या, सकाळी लेकीलाच झाकण काढू द्या.