वेद आणि व्हिडिओ : आई-लेक की चुलत भावंडं?

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, व्हिडिओ हा शब्द म्हणे आपल्या वेदावरनं गेलाय. काका म्हणतात शंभर टक्के खरं, भाचा म्हणतो सगळ्या थापा. काय समजायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : नातं आहे, पण आई-लेकीचं नाही. व्हिडिओ हा शब्द इंग्रजीत १९३० च्या दशकात ऑडिओच्या जोडीला आला, घेतला लॅटिनमधून, तिथं ‘विदेओ’ म्हणजे मी पाहतो. आपला वेद आला ‘विद्’वरनं, विद् म्हणजे जाणणं. विदेओ आणि विद् ही चुलत भावंडं आणि त्यांचा आजा एकच, संस्कृत-लॅटिनच्या सामायिक पूर्वज भाषेतला धातू *वेय्द्, अर्थ पाहणं. हा आजा कुठल्या शिलालेखात की पोथीत मिळालेला नाहीये, नातवंडांच्या तोंडवळ्यावरनं अभ्यासकांनी तो बांधलाय, म्हणून तर त्याच्याआधी ती चांदणी काढतात.

भाच्याची शंका मात्र रास्त आहे, नुसतं ऐकायला सारखं वाटतं म्हणून नातं मानायचंच नसतं. इथला पुरावा वेगळाय आणि मला तो फार म्हणजे फार आवडतो. संस्कृतात ‘अहं वेद’ म्हणजे मला ठाऊक आहे, अर्थ आत्ताचा पण प्रत्यय लिट् नावाच्या भूतकाळाचे, आणि त्यासाठी पाणिनीनं ‘विदो लटो वा’ (म्हणजे विद् ला वर्तमानकाळातही हे प्रत्यय विकल्पानं लागतात) असं खास सूत्रच केलंय. असं का, तर मुळात ‘मी पाहिलंय’, आणि पाहिलंय म्हणजे आता ठाऊक आहे! ग्रीकमध्ये ‘ओइदा’, अर्थ तोच, साचाही तसाच जुना भूतकाळाचा. शिवाय आपल्याकडे एकवचनी ‘वेद’ पण अनेकवचनी ‘विद्म’, स्वर आखडतो, आणि जर्मन शिकणारं कुणी घरात असेल तर विचारा, ‘इश वाइस’ पण ‘वीर विसन’, तिथंही अनेकवचनाला स्वर बदलतोच. शब्द उसना मिळतो हो, पण तीन-तीन भाषांत एकाच क्रियापदाला एकसारखी खोड असणं, ते रक्ताचंच.

बाकी गोतावळा मोठाय. आपल्याकडे विद्या, वैद्य, वेदना, निवेदन. चेक भाषेत विज्ञानाला चक्क ‘व्येदा’ म्हणतात. ग्रीकमधून आयडिया आली, हिस्टरीसुद्धा, कारण ‘हिस्तोर’ म्हणजे जाणकार माणूस. आणि काकांना सांगा, पासपोर्टवरचा व्हिसा पण त्याच घरचा, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे कागद तपासून झालाय.