केमो चालू असताना पॅलिएटिव्ह केअरकडे न्यायचं का, की सगळे उपचार थांबल्यावर?

तुम्ही लिहिलंय, वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, केमो चालू. नात्यातल्या कुणी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढलं आणि घरात 'म्हणजे आपण हात टेकले का?' म्हणून रडारड झाली. कधी न्यायचं, असा तुमचा प्रश्न.

आत्ता न्या. जमलं तर याच आठवड्यात, केमो चालू ठेवूनच.

मी तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे आणि ही गोष्ट उशिरा शिकलोय. माझ्या एका पेशंट मावशींचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर रेडिएशननंतर उलटला. रात्र रात्र कण्हायच्या. मी ट्रामाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक वाढवत राहिलो, कारण मनात एकच, 'अजून तेवढी वेळ आलेली नाही.' अखेर पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवलं. तिथे मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरी आल्यावर त्या रात्री मावशी सलग पाच तास झोपल्या. इतकं शांत बघून सुनेला वाटलं, गेल्या. तिने पहाटे घाबरून मला फोन केला. त्यानंतर त्या अठराच दिवस होत्या. आधीचे चार महिने मी त्यांना विनाकारण कण्हत ठेवलं होतं.

तुमच्या वडिलांच्याच आजारावर बोस्टनमध्ये एक अभ्यास झाला, 2010 साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेले 151 पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटाचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, शेवटच्या दिवसांतली ओढाताणही घटली. आणि ते जास्त जगले: मध्यक (निम्मे पेशंट याहून जास्त जगले तो काळ) 11.6 महिने, पहिल्या गटात 8.9. आयुष्य वाढल्याचं पुढच्या सगळ्याच अभ्यासांत दिसलं नाही, त्यामुळे त्या भरवशावर जाऊ नका. त्रास कमी होतो, एवढं कारण मला पुरतं.

आम्हा डॉक्टरांसाठी एक प्रश्न आहे: हा पेशंट वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर 'नाही' आलं की पॅलिएटिव्हकडे पाठवायची चिठ्ठी लिहायची. पण खरं सांगू? दिवसांचा हिशेब कुणालाच नीट जमत नाही. मी त्रास बघतो. दोन-तीनदा औषध बदलूनही दुखणं किंवा धाप हटत नाही. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं. पुढची केमो घ्यायची की नाही यावर घरात दोन तट पडलेत. किंवा पेशंट स्वतःच म्हणतो, 'मला सोडवा यातून.' यातलं एकही दिसलं तर थांबायचं कारण उरत नाही. हे फक्त कॅन्सरचं नाही. हृदय निकामी होत चाललेलं, सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराची धाप, डायलिसिस नको म्हणणारे, हेही यातच येतात, फक्त त्यांना कुणी पाठवत नाही.

मॉर्फिनची भीती तुमच्याही घरात असणार. ते दिलं म्हणजे संपलं, असं नसतं. डोस बेताने वाढवतात. त्याची सवय लागण्यापेक्षा बद्धकोष्ठाचा त्रास हमखास होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं. धापेसाठी तोंडावर टेबलफॅनचा वारा घ्यायला सांगतात. लोक हसतात, पण उपयोग होतो.

जायचं कुठे? मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून मोफत सेवा देतं, घरच्यांना शुश्रूषाही शिकवतं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 चं, पण ते मुख्यतः शेवटच्या टप्प्यासाठी. तुमच्या वडिलांना आज त्याची गरज दिसत नाही. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

एक मात्र लक्षात ठेवा. पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लटपटायला लागले, लघवी अडली, तर पॅलिएटिव्हच्या तारखेची वाट बघू नका. मणक्यात मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या.

वडिलांना काय सांगायचं? 'बाबा, तुमचं दुखणं आणि धाप कमी करणारे वेगळे डॉक्टर आहेत, त्यांनाही दाखवू. केमो चालूच राहील.' यात एक शब्दही खोटा नाही.