वर्षभराची नाटकं ठरवताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची नाटकांची यादी मिळाली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुजू झाल्या झाल्या वर्षभराच्या निर्मितीची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मला फार आनंद झाला. यादी नीट वाचली. चार नाटकं आहेत आणि चारही चांगली आहेत. तरी स्पष्टच सांगते, ही यादी बाजूला ठेव.

त्यातल्या तीन नाटकांत दोन किंवा तीन पात्रं आहेत, एक दिवाणखाना आहे, आणि ती अलीकडेच मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांनी केलेली आहेत. व्यावसायिक नाटक आज एवढ्याच माणसांत का बसवावं लागतं, हे तुला माहीत आहे. प्रत्येक नटाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, बॅकस्टेजच्या माणसांची नाइट, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, दौऱ्याची बस, सेटचा टेम्पो. एक पात्र वाढलं की प्रत्येक प्रयोगाचा खर्च वाढतो, म्हणून लेखकही लिहितानाच माणसं कमी करतो. निर्मात्याची ही अडचण खरी आहे आणि मी त्याला मुळीच नावं ठेवणार नाही. पण ती अडचण तुझी नाही. दोन्ही वर्षांची मिळून तीसेक मुलं तुझ्याकडे आहेत. त्यांना नाइट द्यायची नाही, तालमीचा हॉल फुकट आहे, आणि एका नाटकासाठी दीड-दोन महिने रोजची संध्याकाळ तुझ्या हातात आहे. आज महाराष्ट्रात कुठल्या निर्मात्याकडे एवढी श्रीमंती आहे, सांग बरं? ती असताना तिघांनी नाटक करायचं आणि उरलेल्यांनी खुर्च्या मांडायच्या, हे मला पटत नाही.

विद्यापीठानं तेच करावं जे बाहेर कुणाला परवडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चं उदाहरण घे. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेचा. ब्राह्मणांची ती डोलणारी, गाणारी रांग आठव. तीच पडदा होते, तीच भिंत होते, मागे काय चाललंय ते झाकते आणि हवं तेव्हा उघडं करते. सगळं नाटक त्या रांगेच्या खांद्यावर उभं आहे. खर्चाच्या हिशेबाला बसलेल्या माणसानं पहिल्याच बैठकीत ती अर्ध्यावर आणली असती. कुणाला पोटासाठी नाटक करायचं नव्हतं, म्हणून ती रांग वाचली. (यंदा लगेच 'घाशीराम' घेऊ नकोस. गाणारी आणि पावलं टाकणारी मुलं आधी तयार व्हावी लागतात.)

आणि तुझ्या मराठवाड्यातच बघ. तुमच्या शहरातलं, बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद महाविद्यालय १९५० ला सुरू झालं. पुढे तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी दलितांच्या शोषणाचा इतिहास मांडणारं 'युगयात्रा' लिहिलं आणि मुलांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. त्या काळात कुठली नाटक कंपनी तो विषय घेऊन दौऱ्यावर निघाली असती? तो प्रयोग व्हायला कॉलेजच लागलं. पुढे नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा' लिहिलं, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी तुमच्याच शहरातून मुंबईला गेली. तुझ्या मुलांना यातलं किती ठाऊक आहे, एकदा विचारून बघ. त्यांना आपली रंगभूमी मुंबईच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात सुरू होते असं वाटत असेल, तर यंदाच्या यादीत या परंपरेतलं एक नाटक हवंच.

आता निवडीबद्दल. ग्रंथालयात जाण्याआधी वर्गात जाऊन बस. कोण गातं, कोण ढोलकी धरतं, कोण शेतातून आलंय, कुणाच्या घरात भजनी मंडळ आहे, कोण अजून तोंड वर करून बोलत नाही, याची वही कर. कमीत कमी महिनाभर ती भरत राहा. नाटक त्या वहीतून निवड. आधी नाटक ठरवून मग त्यात मुलं बसवायला गेलीस, तर दरवर्षी तीच चार गोरीगोमटी, सफाईदार बोलणारी मुलं मधोमध उभी दिसतील. हे मी अनेक विभागांत पाहिलं आहे आणि त्याचा मला अजून राग येतो.

बोलण्यावरून एक गोष्ट सांगते. परभणीकडचा एक मुलगा माझ्याकडे होता. तालमीच्या मधल्या सुट्टीत फोनवर मित्राला 'कुठं जायलास बे?' म्हणून असा खणखणीत विचारायचा की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जायचं. हातात संहिता आली की तोच मुलगा 'न' आणि 'ण' सांभाळत घशातल्या घशात बोलायचा. खांदे वर, मान आखडलेली, श्वास छातीतच अडकलेला. सगळे म्हणायचे, याचा आवाजच लहान आहे. मी त्याला त्याचा पूर्ण प्रवेश घरच्या बोलीत करायला लावला. वाक्यं त्याची त्यानंच फिरवली. सगळा प्रवेश तसा झाल्यावर लगेच, मध्ये पाणीसुद्धा प्यायला न देता, म्हटलं, आता लेखकाची वाक्यं घे, पण श्वास आत्ताचाच ठेव. आवाज मोठा झालाच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात हलायला लागले. बोली दाबली की शरीर दाबलं जातं, हे त्या दिवशी सगळ्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलं. प्रमाण मराठी त्यांना यायलाच हवी, तीही नटाची गरज आहे. पण ती घरची बोली पुसून त्या जागी लिहायची गोष्ट नाही.

म्हणून चारातलं एक नाटक मुलांनी स्वतः उभं केलेलं असू दे. गावाकडून गोष्टी आणायला सांग: विहिरीचं भांडण, सामूहिक विवाह, उसाच्या तोडीला गेलेलं कुटुंब, बंद पडलेली बँकेची शाखा. दिवाळीच्या सुट्टीत गावी जातील तेव्हा ऐकून येऊ देत, लिहून आणू देत. कच्चं होईल. तरी दुसऱ्या सत्रात ते प्रेक्षकांसमोर आण.

वर्षाची सुरुवात जुन्या संस्कृत नाटककार भासापासून कर असं माझं मत आहे. त्याची 'मध्यमव्यायोग' आणि 'ऊरुभंग' एका अंकाची आहेत, सेट जवळजवळ लागत नाही, आणि चालणं, बसणं, शस्त्र धरणं, सगळं शरीरानं उभं करावं लागतं. 'ऊरुभंगा'तला दुर्योधन मांड्या मोडलेल्या अवस्थेत रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांसमोर मरतो. पायांवर उभं राहायची मुभाच नसलेला नट काय करतो, यातून पहिल्या वर्षाची मुलं जेवढं शिकतील तेवढं कुठल्या व्याख्यानातून शिकणार नाहीत. मोठं, पूर्ण लांबीचं नाटक मार्चला ठेव. संगीत नाटकाला हात घालायचा असेल तर संगीत विभागाशी जुलैतच बोल. देवलांचं १८९९ चं 'शारदा' नाटक अजूनही मुलींना आपलं वाटतं. आणि त्याला वाद्यवृंदाचा खर्च नाही, पेटी आणि तबला पुरतो.

वेळापत्रक मात्र देवाच्या भरवशावर सोडू नकोस. ऑगस्ट ते ऑक्टोबर मुलं एकांकिका स्पर्धांत आणि युवक महोत्सवात अडकलेली असतात. त्यांना अडवू नकोस, पण त्या काळात मोठी तालीम लावू नकोस. नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आणि सत्र परीक्षा एकमेकींवर आदळतात. उघड्यावरचा प्रयोग दिवाळीनंतरच. पत्र्याच्या हॉलमध्ये पावसाळ्यात तालीम घेतेस ना? मग जोराची सर आली की मुलं ओरडायला लागतात आणि ती सवय महिनाभर जात नाही. तेवढा वेळ हालचालींचं काम कर.

परवानग्यांचं आत्ताच सुरू कर. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. देवल १९१६ ला गेले, गडकरी १९१९ ला, त्यांच्यासाठी कुणाला विचारायला नको. तेंडुलकर २००८ ला गेले, त्यांचं नाटक करायचं तर लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही. अनुवादात लोक फसतात. शेक्सपिअर मोकळा आहे, पण शिरवाडकरांचा 'ऑथेल्लो' मोकळा नाही, ते १९९९ ला गेले. त्याच 'ऑथेल्लो'वरचं देवलांचं 'झुंझारराव' मात्र कुणीही करावं. जाहीर प्रयोग करणार असशील तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, संहिता वेळेत पाठव. लेखकाचं मानधन 'विद्यार्थ्यांचा प्रयोग आहे' म्हणून बुडवू नकोस. ज्या मुलांना उद्या लिहून पोट भरायचं आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर तरी नकोच.

पडद्यामागच्या कामाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते. प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षभरात एक मोठी भूमिका, एक गर्दीतली आणि एक पूर्ण नाटकाचं पडद्यामागचं काम यावं. हा नियम भिंतीवर लाव आणि कुणासाठीही मोडू नकोस. आवडत्या नटासाठी तर नाहीच. सेटचा आराखडा पहिल्या आठवड्यातच तालमीच्या फरशीवर टेपनं काढ: दार इथे, खिडकी तिथे, विंग एवढ्यावर. पायऱ्या असतील तर खऱ्या लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, आण, टेपच्या पायरीवर मुलं उड्या मारत चढतात. नऊवारी नेसायची असेल तर पहिल्या हालचालीपासून नेसू दे, काष्टा नीट बसल्याशिवाय पाऊल कसं पडतं ते कळत नाही. कपडेपटाची जबाबदारी मुलग्यांना दे आणि वायरिंग मुलींना.

आमच्याकडे एक मुलगी होती, भूमिका न मिळाल्यामुळे रुसलेली. तिला डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करायच्या यंत्रावर, बसवलं. एका प्रवेशाच्या शेवटी आई देव्हाऱ्यापाशी बसते आणि दिवा मंद होत जातो. सुरुवातीला ती क्यू शीटप्रमाणे सहा आकडे मोजून लिव्हर खाली आणायची. बरोबर होतं, पण काही घडत नव्हतं. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःहून विचारलं, 'मी आकडे मोजायचे सोडून तिच्या पाठीकडे बघू का?' त्यानंतर आईची पाठ वाकायला लागली की प्रकाश निघायला लागायचा, आणि शेवटचा उजेड तिच्या खांद्यावरून जायचा. कधी तो सहात गेला, कधी नऊत. पुढच्या वर्षी तिला भूमिका मिळाली तेव्हा थांबायचं कुठे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

प्रेक्षकांचाही विचार आत्ताच कर. तुमच्या आवारातून शहराकडे आणि तालुक्यांकडे जाणारी शेवटची एसटी आणि शेवटची सिटी बस किती वाजता सुटते? पडदा त्यावरून ठरव. साडेसातचा प्रयोग पावणेआठला सुरू झाला की वसतिगृहातल्या मुली मध्यंतरात उठतात आणि खेड्यातून आलेले आईवडील शेवट न बघता निघतात. तू सहाला पडदा उघड, मध्यंतर लहान ठेव. आणि महापालिकेचं मोठं नाट्यगृह घ्यायचा मोह होईल, तो टाळ. भाड्यात तुझं अर्धं अंदाजपत्रक जाईल, सेट लावायला सकाळपासूनचा वेळ मिळणार नाही, आणि एकच प्रयोग होईल. त्याऐवजी विभागाच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं बसवून सलग पाच दिवस प्रयोग कर. पहिल्या दिवशी मुलं घाबरलेली असतात, दुसऱ्या दिवशी सैल पडतात, तिसऱ्यापासून ती एकमेकांचं ऐकायला लागतात. एकाच प्रयोगावर थांबलं तर त्यांना हे कधी कळायचंच नाही. तिकीट लाव, थोडं का होईना. जमलेले पैसे कशावर खर्च झाले ते मुलांनाच लिहायला सांग.

वरिष्ठ म्हणतील, मोठ्या संचाची नाटकं सांभाळणं अवघड, दोन पात्रांचं सुटसुटीत होतं. अवघड आहेच. तीस मुलांना वेळेवर आणणं, कुणाचं भांडण, कुणाचा ताप, कुणाची मेस बंद झालेली, हे सगळं तुझ्या अंगावर येईल. त्यासाठी एक सहायक माग आणि संध्याकाळच्या चहा-पोह्यांची तरतूद अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिही. उपाशी मुलांची तालीम आठ वाजता संपलेली असते, तू दहापर्यंत घेतलीस तरी.

आता पुढचं काम. वही सुरू कर आणि महिनाअखेर मला पाठव, मुलांची नावं नसली तरी चालेल, कोण काय करू शकतं आणि कोण कशाला घाबरतं एवढं असू दे. माझ्याकडे जुन्या संहितांची दोन कपाटं आहेत, त्यातल्या बऱ्याच आता बाजारात मिळत नाहीत. वही आली की मी त्यातून पाच-सहा काढून ठेवीन. तू एखाद्या रविवारी ये, जेवायलाच ये, आपण मोठ्यानं वाचू. येताना दुसऱ्या वर्षाची दोन मुलं बरोबर आण. ज्यांना अजून एकही भूमिका मिळालेली नाही, अशी आण.

तुझी,
ताई