लॉक केल्यावरही मॉनिटर उजळ का राहतात?

तुमचा प्रश्न असा: विंडोज ११ चा लॅपटॉप, त्याला दोन मॉनिटर, घर ठाण्यात. काम संपवून विंडोज आणि एल दाबलं तरी दोन्ही मॉनिटर चालूच राहतात, कधी बंद झाले तरी मध्यरात्री परत लागतात, आणि त्याच खोलीत मुलं झोपतात. मी ऐरोलीला राहतो. आमचं कामाचं टेबल हॉलमध्ये आणि आईचं अंथरूणही तिथेच, त्यामुळे तुमचा त्रास मला पुरता ठाऊक आहे.

लॉक म्हणजे दाराला कुलूप. घरातला दिवा त्याने विझत नाही, त्याचा टायमर वेगळा असतो. शिवाय लॉक असतानाचा टायमर आणि एरवीचा टायमर हेही दोन वेगळे आहेत. सेटिंग्जमध्ये पॉवरखाली स्क्रीन बंद व्हायची जी वेळ दिसते ती एरवीची. लॉकची वेळ विंडोज लपवून ठेवतं. ती मुळात १ मिनिट असते, पण कोणी बदललेली असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

ती बदलायला कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला टाइप करून हुकूम देण्याची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत हे टाइप करा: powercfg /setacvalueindex scheme_current sub_video videoconlock 20. एंटर मारून पुढची ओळ: powercfg /setactive scheme_current. शेवटचा आकडा सेकंदांचा. ही वेळ चार्जर लावलेला असतानाची, बॅटरीवरची वेगळी असते.

आता परत लागण्याचं. यातच माझे खूप दिवस गेले. शेवटी एका रात्री दिवे मालवून टेबलासमोर बसून राहिलो. मॉनिटरचा छोटा दिवा निळ्याचा नारिंगी झाला, स्क्रीन काळी. दोनेक मिनिटांनी पुन्हा निळा, आणि लॉकस्क्रीनचा तो डोंगराचा फोटो भिंतीभर. मी कशालाच हात लावला नव्हता. मग लक्षात आलं, आमच्या टेबलाला वर काच आहे आणि माउस थेट काचेवर. पंखा फुल्ल असला की टेबल थरथरतं, माउसचा सेन्सर चुकीचं वाचतो, आणि विंडोजला वाटतं कोणीतरी आलं. माउस उलटा करून ठेवला, त्या रात्री मॉनिटर सकाळपर्यंत काळे. दुसऱ्या दिवशी माउसपॅड आणला. तुम्हीही हे आधी करून बघा, फुकटात होतं.

माउसचा दोष नसेल तर मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद करा. काही मॉनिटर झोपेतही दुसऱ्या केबलवर सिग्नल शोधत राहतात आणि त्यात लॅपटॉपला जागं करतात. तिसरी शक्यता एखाद्या प्रोग्रामने स्क्रीन धरून ठेवल्याची: त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /requests चालवा, डिस्प्लेखाली जे नाव येईल ते कामानंतर पूर्ण बंद करा.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर अ‍ॅडमिनचे हक्क बहुधा नसतील. त्यासाठी बाहेरून सॉफ्टवेअर आणून टाकू नका, आयटीवाल्यांशी विनाकारण वाकडं येतं. विंडोज आणि पी दाबा, फक्त लॅपटॉपची स्क्रीन निवडा, मग लॉक करा. सिग्नल गेला की मॉनिटर आपोआप झोपतात. सकाळी तेच दाबून एक्स्टेंड निवडा, म्हणजे सगळ्या स्क्रीन परत चालू. उघड्या प्रोग्रामच्या खिडक्या विस्कटू नयेत म्हणून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मल्टिपल डिस्प्लेज उघडून खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय चालू ठेवा.

वीजही वाचते. एक मॉनिटर २० वॅट धरला तर दोन मॉनिटर रोज रात्री ८ तास चालून महिन्याला साधारण साडेनऊ युनिट खातात. पण मी हे सगळं केलं ते आईच्या झोपेसाठी.

इतकं करूनही लागत राहिले तर केबल एचडीएमआय आहे की डिस्प्लेपोर्ट, आणि मध्ये डॉक (लॅपटॉपला एका केबलने मॉनिटर वगैरे जोडणारा डबा) आहे का, ते इथेच लिहा. मी बघतो.