ठाण्यात राहणाऱ्या आमच्या चार वर्षांच्या लाजाळू मुलीचा आत्मविश्वास वाढावा म्हणून घरी कोणती हस्तकला करून घ्यावी?

तिच्या स्वतःच्या शरीराशी, चेहऱ्याशी आणि नावाशी जोडलेली हस्तकला निवडावी. त्यातही सर्वांत आधी जुन्या कॅलेंडरची कोरी पाने चिकटवून केलेल्या मोठ्या कागदावर तिला झोपवून खडूने तिची पूर्णाकृती बाह्यरेषा काढावी आणि डोळे, केस, आवडता फ्रॉक तिलाच रंगवू द्यावा. आपल्या ठाणे-पालघर भागातील वारली चित्रेही फार उपयोगी पडतात, कारण त्यांत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो. या वयात त्रिकोण काढणे सहसा कठीण जाते, म्हणून ते कापून द्यावेत. गेरूने रंगवलेल्या कागदावर ते चिकटवून, तांदळाच्या पातळ पिठात बोट बुडवून हातपाय काढत ती आई, आजी आणि मधोमध स्वतः असे कुटुंब मांडू शकते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण 3 ते 5 वर्षांच्या वयाला पुढाकार घेण्याचा टप्पा मानले आहे. म्हणूनच मोठ्यांनी वरून हात फिरवून चित्र नीट करून देऊ नये, असे कळकळीने सुचवावेसे वाटते. नुसते ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘हा निळा रंग तू का घेतलास?’ असे विचारावे. मात्र घरी मोकळेपणाने बोलणारी मुलगी, शाळेत रुळण्याचा पहिला महिना सोडूनही, तिथे महिनाभराहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, तर हस्तकलेवर विसंबून न राहता बालविकासतज्ज्ञांना दाखवावे.