ससा दाराची चौकट आणि भिंतीचे कोपरे कुरतडतो, कोणता स्प्रे मारू?

कोणताच नाही. मेथी आणि मुळ्याचा पाला मिटक्या मारत खाणाऱ्या प्राण्याला कडू स्प्रेची कसली भीती? व्हिनेगरचा वास संध्याकाळपर्यंत उडून जातो. आणि मिरचीपूड कुणी सुचवली असेल तर त्यांचं पुन्हा ऐकू नका. ससा पुढच्या पायांनी तोंड पुसतो, ती पूड थेट डोळ्यांत जाते.

‘दात वाढतात, झिजवायला लाकूड हवं’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वाढतात हे खरं, पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. पण दाढाही तशाच वाढत असतात आणि त्या लाकडाने झिजत नाहीत. त्या झिजतात सुकं गवत आडवं दळून दळून. वाटीभर पेलेट (दुकानातलं गोळीखाद्य) पाच मिनिटांत संपवलेला ससा उरलेला दिवस तोंडाला काम शोधत फिरतो, आणि ते तुमच्या चौकटीत सापडतं. म्हणून आधी गवत: ससा जेवढा, निदान तेवढा ढीग रोज. दोन किलोच्या सशाला पेलेट ५० ग्रॅमच्या वर नकोत. गवत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात न कोंबता तो जिथे कुरतडतो तिथेच, त्याच्या शौचाच्या ट्रेला लागून ठेवा. पावसाळ्यात कुबट वास आलेलं गवत टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका.

आता चौकट. सशाला सपाट पृष्ठभागावर दात रोवता येत नाही, त्याला कड लागते. म्हणून चौकटीचा काठ, सनमायकाची उचकटलेली पट्टी, भिंतीचा कोपरा याच जागा जातात. हार्डवेअरच्या दुकानातून २५ बाय २५ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम अँगल दोन फूट कापून घ्या. मागच्या पायांवर उभा राहिलेला ससा त्याहून वर सहसा पोचत नाही. टोकं कानशीने घासा, अँगल अगदी फरशीला टेकवा आणि स्क्रूने बसवा. डबल टेप नको. खाली बोटभर फट राहिली तर तीच नवी कड होते, मग टेपचा गोंदही पोटात जातो. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या टाइल उभ्या करून त्यांच्यापुढे जड काहीतरी ठेवा.

भिंत खातो म्हणजे कॅल्शियम कमी, असं सांगून दुकानदार खनिजाची वडी गळ्यात मारतात. ससा अन्नातलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतो, तीच ती फरशीवर वाळलेली पांढरी खडूसारखी पूड. वडीचे पैसे गवताला घाला.

वायरी कडक पीव्हीसी केसिंगमध्ये घाला, मऊ प्लास्टिकची गुंडाळी तो एका रात्रीत सोलतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती आधी बसवा.

कुरतडायला हक्काचं काही हवंच. तुतीच्या फांद्या, टेप आणि पिना काढलेले पुठ्ठ्याचे खोके, खणायला कागदाच्या कपट्यांनी भरलेलं एक मोठं खोकं. काथ्याचं पायपुसणं मात्र उचला, धागे आतड्यात अडकतात आणि सशाला उलटी करता येत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला मोकळं सोडा, त्याच वेळा त्याच्या उनाडपणाच्या. दिवसभर डांबून ठेवलेला ससा गज चावणार, त्यात दातही वाकडे होऊ शकतात. तेव्हा ‘ससा पिंजऱ्यातच बरा’ म्हणणाऱ्यांनी हा खर्चही धरावा.

हो, एक राहिलं. चार-सहा महिन्यांचा होऊन अचानक सगळं कुरतडायला, खणायला लागला असेल तर ते वयात येणं आहे. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बराच फरक पडतो, फक्त डॉक्टर सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणारा हवा. लाळ गळत असेल, गवत तोंडात घेऊन टाकत असेल किंवा बारा तासांत लेंड्या पडल्या नसतील तर चौकट राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि गवत म्हणून लसूणघास आणू नका, सहा महिन्यांच्या वरच्या सशाला त्यातलं कॅल्शियम फार होतं.