आप्रवासावरील की आप्रवाशांवरील?

प्रश्न असा आहे: राजकीय तत्त्वज्ञानावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना इमिग्रेशनवरच्या बंधनांना ‘आप्रवाशांवरील निर्बंध’ म्हणावं की सरळ ‘स्थलांतरितांवरील’?

माझं मत, दोन्ही नकोत. ‘आप्रवासावरील निर्बंध’ लिहा.

स्थलांतर बीडहून ऊसतोडीला निघालेल्या टोळीचंही असतं, त्यात देशाची हद्द येतेच असं नाही. आप्रवास म्हणजे बाहेरून येऊन इथे राहणं. मराठीत प्रवासी म्हटलं की एसटीत बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. ‘प्रोषितभर्तृका’ (जिचा नवरा दूरदेशी आहे ती) या शब्दातला ‘प्रोषित’ त्याच ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूचा. (वर्तमानपत्रांत दिसणारं ‘अप्रवासी’ मात्र टाळा. ऱ्हस्व ‘अ’ने त्याचा अर्थ प्रवास न करणारा असा होतो.)

आता ‘आप्रवाशांवरील’ का नको? कारण ही बंधनं नेमकी कोणावर पडतात, हा वादच त्या शब्दाने निकालात निघतो. बंधन फक्त परक्यावर आहे, असं तो आधीच ठरवून टाकतो. राजकीय तत्त्वज्ञ चंद्रन कुकाथस यांनी २०२१ साली नेमकं याच्या उलट मांडलं: परक्यांवर लक्ष ठेवायचं तर नागरिकांवरही ठेवावं लागतं, त्यामुळे स्वातंत्र्य त्यांचंही आक्रसतं. मला हे पटतं. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने घरमालकावर भाडेकरूची कागदपत्रं तपासण्याची जबाबदारी टाकली. चुकला तर दंड मालकाला. शिवाय तिथेच जन्मलेल्या भाडेकरूलाही आपला हक्क दाखवावा लागतो. परदेशी जोडीदाराला ब्रिटनमध्ये आणायचं तर २०१२पासून वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली (२०२४मध्ये ती २९,००० झाली). ही अट अडवते ती कमी पगाराच्या ब्रिटिश नागरिकाला, त्याच्याच घरात.

‘आप्रवासावरील’ म्हटलं की बंधन त्या क्रियेवर राहतं. त्याची झळ कोणाकोणाला बसते, हे लेखकाला सांगता येतं.

लेखात देश सोडून जाण्याचाही मुद्दा असेल तर त्याला ‘उत्प्रवास’ म्हणा आणि दोन्ही शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवा. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं १३वं कलम कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क देतं, दुसऱ्या देशात शिरण्याचा देत नाही. दोन्हीकडे ‘स्थलांतर’ लिहिलंत तर हा फरक वाचकाला दिसणारच नाही.

व्हिसावर आलेल्या माणसाला नोकरी बदलता येत नाही, अशा एखाद्या नियमाचा उल्लेख असेल तिथे मात्र ‘आप्रवाशांवरील’च बरोबर. तिथे तो खुशाल ठेवा.